मनात घातलेली गोष्ट

नोव्हेंबर सरत आला की आमच्या घरात माळ्यावरून तारा खाली येतो. कागदी, पाच टोकांचा, आत बल्ब लावायचा. त्याचं एखादं टोक दरवर्षी दबलेलं निघतं आणि ‘पुढच्या वर्षी नवा आणू’ असं दरवर्षी ठरतं. नवरा स्टुलावर चढतो, मी स्टूल धरते, लेक खालून सूचना करते, आणि बाल्कनीतला पाऊस नेमका तेव्हाच तिरका होतो. चेन्नईत तारा आणि पाऊस जोडीनेच येतात. बाकीचा देश भिजून, वाळून, विसरून मोकळा झालेला असतो तेव्हा इथे छत्र्या बाहेर निघतात.

नगरकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्या लहानपणीचा नाताळ म्हणजे कोरडी थंडी. पहाटे गाणी म्हणत फिरताना तोंडातून वाफ निघायची, ज्वारी हुरड्याला आलेली असायची, फुटलेल्या ओठांवर आईने साय चोळलेली असायची. इथे सगळंच उलटं. वेस्ट मांबलमच्या गल्लीत पोटरीभर पाणी, दोरीवरचे कपडे दमट ते दमटच, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं, आणि दारासमोर तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचं कोलम पुरं व्हायच्या आत वाहून गेलेलं. काल तारा पुसायला घेतला तर त्या ओलसर कागदाचा वास आला, आणि मी हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिले. तो एक पावसाळा आठवला. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा.

मी नगरहून नोकरीला आले होते. ऑफिस नुंगंबाक्कमला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. चुका शोधायचा पगार मिळतो हे ऐकून आईला फार आनंद झाला. म्हणाली, “ते तर तू लहानपणापासून फुकटच करतेस.” राहायला वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुण्याच्या दोन मुलींबरोबर. खालच्या मजल्यावर घरमालकीण मामी. मामींच्या ओळखीचे मराठी लोक म्हणजे तंजावरकडचे राव, पिढ्यान् पिढ्या इथलेच झालेले, सांबारात हात बसलेले. माझं नाव करुणा गायकवाड, आणि मी रविवारी चर्चला जाते, हे त्यांच्या कुठल्याच कप्प्यात बसेना.

“राव नाही? आणि कोविलला नाही, चर्चला?” त्या इंग्रजीत तमिळ मिसळून विचारत; कोविल म्हणजे देऊळ.

“हो मामी.”

“पण मराठी?”

“हो मामी.”

मामींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “सरी. चर्च तर चर्च. पण घरात अंडं नको.” आमचा भाडेकरार तेवढाच झाला.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मराठी उपासना असायची. नुंगंबाक्कमच्या एका जुन्या चर्चमध्ये तमिळ उपासना संपली की मागचा हॉल आमचा. आम्ही आत जायचो तेव्हा खुर्च्या अजून गरम असत आणि हवेत मोगऱ्याचा वास रेंगाळत असे. आमची मंडळी ती केवढी? कोणी आवडी या उपनगरातल्या कारखान्यातले, कोणी पेरांबूरचे रेल्वेवाले, कोणी बँकेतले, आणि आमच्यासारखी दोन-चार नवी पोरं. पेटीचा एक सूर अडकायचा, तो सगळे मिळून गळ्याने भरून काढायचे. महिनाभर ऑफिसात इंग्रजी आणि रिक्षावाल्याशी मोडकं तमिळ बोलून जीभ परकी झालेली असायची. मग भास्करकाका उभे राहून पहिलं वाक्य मराठीत उच्चारायचे. मला तेव्हा घरची किती आठवण येते हे त्या एका वाक्याने कळायचं.

भास्करकाका आवडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पाळक म्हणजे पाद्री नव्हते, पण आमच्यापुरते पाळकच. त्यांची बायको सगुणाकाकू. प्रार्थनेच्या आधी प्रत्येकाने आपला प्रार्थना-विषय सांगायचा, अशी मंडळीची रीत होती. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची बदली, कोणाचा गुडघा. काका सगळं डोळे मिटून ऐकत आणि मग एकेक विषय देवापुढे ठेवत. एकही विसरत नसत.

आणखी एक रीत होती, ती मात्र सगळ्याच मराठी ख्रिस्ती घरांतली. कुठलीही गोष्ट करायची झाली की ‘प्रभूनं माझ्या मनात घातलं’ असं म्हणायचं. ही आमची जुनी बोलण्याची पद्धत. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, शिक्षकी धरली ती प्रभूने मनात घातली म्हणून. मामाने विहीर खणली तीही तशीच, आणि पाणी लागलं नाही तेव्हा तो गप्प बसला. आत्याने पैठणी घेतली तेव्हासुद्धा प्रभूनेच मनात घातलं होतं, रंगासकट. लहानपणी मला वाटायचं की देव दिवसभर आमच्या घरातल्या लोकांच्या मनात काही ना काही घालत बसलेला असतो. तेव्हा मी त्यावर हसायचे. त्या नोव्हेंबरात मात्र माझं हसू पार मावळलं.

विनय ओहोळ संगमनेरचा. श्रीपेरुम्बुदूरच्या बाजूला एका मोटारींच्या कारखान्यात होता. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारा. मंडळीत ढोलकी वाजवायचा. तमिळ चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, ती सवय त्याने आल्या आल्या उचलली होती. “सिस्टर, पंखा लावू का?” “सिस्टर, तुमची छत्री राहिली.” याच्या पलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. माझ्या लेखी तो ढोलकीला जोडून आलेला एक भला माणूस होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी प्रार्थना-विषय सांगायची वेळ आली तेव्हा त्याने मांडीवरची ढोलकी खाली ठेवली आणि उभा राहिला.

“माझा एक विषय आहे. प्रभूनं माझ्या मनात एक गोष्ट घातली आहे. लग्नाविषयी. ती व्यक्ती आपल्याच मंडळीत आहे. तिच्याही मनात प्रभूनं ती गोष्ट घालावी, एवढी प्रार्थना करा.”

आमच्या मंडळीत बिनलग्नाच्या बायका दोन. एक मी, आणि दुसऱ्या पेरांबूरच्या सुमतीआत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, पेन्शनवर असलेल्या. साऱ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. सुमतीआत्यांनीसुद्धा जाड चष्म्यातून माझ्याकडेच पाहिलं. मग भास्करकाकांनी नेहमीच्या निष्ठेने तो विषय देवापुढे ठेवला. “आमच्या बहिणीचं मन मऊ कर,” असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी डोळे मिटून बसले होते, माझे कान तापले होते. बाहेर पावसाचा असा जोर की पळून जायचीही सोय नव्हती.

त्याने मला एकटीला गाठून विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, आणि गोष्ट चहाच्या पेल्याइतक्या वेळात संपली असती. पण त्याने तर मागणीवर देवाचा शिक्का मारून ठेवला. आता नाही म्हणायचं म्हणजे कोणाला म्हणायचं? विनय ओहोळला म्हणता आलं असतं. त्याच्या पाठीमागे जो उभा केला होता त्याला मी कशी म्हणू?

यात माझ्या चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेचाही हात होता. आमच्या वत्सलाबाई फलकावर लाल कापडाचं हृदय चिकटवायच्या आणि हळूच उलटं करायच्या. मागची बाजू काळी. “जगात सगळ्यांत फसवी वस्तू कोणती?” त्या विचारायच्या, आणि आम्ही सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायचो, “आपलं हृदय!” नंतर खाऊ मिळायचा. म्हणजे हा धडा मी गोळ्या-बिस्किटांबरोबर पोटात घेतलेला. आणि पुढे तो खोटा ठरला असंही नाही. ऑफिसात मी रोज बघत होते की ज्याने प्रोग्राम लिहिला त्याला स्वतःची चूक कधीच दिसत नाही. त्याला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. मग माझं मन तरी वेगळं कशावरून असणार?

पुण्याच्या मैत्रिणींना मी हे सगळं सांगितलं तर त्या पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, मन काय सांगतंय? मनाचं ऐक, विषय संपला.” किती सोपं होतं त्यांचं. त्यांच्याकडे मन न्यायाधीश होतं, आमच्या घरी ते आरोपी. माझं मन तर मोठमोठ्याने ‘नाही’ म्हणत होतं, आणि मला भीती ही की हा आवाज त्या काळ्या बाजूचा असला तर?

रविवारी कोपऱ्यावरच्या बूथवरून आईला फोन केला. आईला भास्करकाकांकडून आधीच कळलेलं होतं. मराठी ख्रिस्ती लोक देशभर कितीही विखुरलेले असोत, लग्नाची बातमी त्यांच्यात कुठे अडत नाही.

“मुलगा चांगला आहे म्हणे,” आई म्हणाली. “निर्व्यसनी आहे. संगमनेरच्या ओहोळांना तुझे आण्णा ओळखायचे. आणि प्रभूनं सांगितलंय म्हणतोय, मग आपण कोण नाही म्हणणारे?”

“आई, मला नाही सांगितलं त्यानं.”

“तू विचारलंस का?”

बूथच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. विचारलं नव्हतंच. विचारावं आणि उत्तर ‘हो’ आलं तर काय करायचं, म्हणून मी गेले कित्येक दिवस प्रार्थनाच आटोपती घेत होते. हात जोडायचे, आईची तब्येत, भावाची परीक्षा, आमेन.

सगुणाकाकूंनी मला आवडीला बोलावलं ते नाताळच्या फराळाला हात लावायला. आम्हा लोकांचा फराळ दिवाळीचाच, फक्त महिनाभर उशिरा. चकल्या, करंज्या, शेव, आणि काकूंचे अनारसे. मद्रासच्या त्या ओल्या हवेत अनारसे करायचे म्हणजे हिंमत लागते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर सावलीत सुकवायचे. इथे मुळात सुकायचीच बोंब. काकू पंख्याखाली, पलंगावर, जिथे जागा मिळेल तिथे तांदूळ पसरून ठेवत आणि काका बिचारे खुर्चीत झोपत. मी गेले तेव्हा गुळात मळून मुरवलेलं पीठ तयार होतं आणि काकू खसखशीवर पहिला अनारसा थापत होत्या.

मी पाटावर बसले आणि बोलून टाकलं. “काकू, मला नाही वाटत.”

“काय नाही वाटत?”

“त्यांच्याशी लग्न करावंसं.”

“मग सांग तसं.”

“पण आपलं मन फसवं असतं ना?”

काकूंनी हातातला झारा कढईच्या काठावर टेकवला. “असतं. एक नंबरचं फसवं. पण तुझं एकटीचंच फसवं, आणि त्याचं काय सोवळ्यातलं?”

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंखुरं हसले. ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. वत्सलाबाईंचं ते कापडी हृदय मी नेहमी माझंच समजत आले होते. विनय ओहोळच्या शर्टाच्या आतही तसलंच एक आहे, बटणं सगळी लावलेली असली तरी, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

“हसू नकोस,” काकू म्हणाल्या, “तुझं अजून संपलेलं नाही. हे तुझं ‘नाही’ आलंय कुठून? माणूस नको म्हणून, की त्यानं सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळवल्या म्हणून?”

“माहीत नाही काकू.”

“मग ते बघ आधी.”

त्यांनी तो पहिला अनारसा तुपात सोडला. तो कडेने फुटत गेला, त्याचे तुकडे तुकडे झाले आणि तुपात नुसता चुरा पसरला. “हसला बघ मेला,” काकू म्हणाल्या. अनारसा असा विरघळला की तो हसला म्हणतात. काकूंनी पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली आणि पुन्हा थापायला घेतलं. “पीठ जमलंय का ते पिठाला विचारून कळतं का? ते म्हणेल जमलंय. एक तुपात सोडून बघायचा. मनातलंही तसंच आहे बाई. प्रार्थनेत ठेव, शास्त्राशी लावून बघ, चार भल्या माणसांच्या कानावर घाल, आणि दिवस जाऊ दे. विरघळलं तर आपलंच खूळ होतं म्हणायचं. टिकलं तर पुढचं बघू.”

दुसरा अनारसा टिकला. जाळी सुरेख पडली होती. काकूंनी डबा भरून दिला. घरी येऊन मामींना चार दिले तर त्या एक तोंडात टाकून थबकल्या. “अय्यो, हे तर अधिरसम! आमचा पदार्थ तुमच्या चर्चमध्ये कसा?” मी म्हटलं, अंडं नाही मामी, खा बिनधास्त. त्या दिवसापासून मामी माझ्याकडे जरा मायेने बघायला लागल्या.

पुढचे काही आठवडे मी माझं ‘नाही’ तपासत होते. पगारी कामच ते, सवय होती. विनयमधल्या चुका शोधल्या. सापडल्याही. प्रार्थना करताना आवाज फार चढवतो. ढोलकीवर ताल पळवतो. ते सिस्टर, सिस्टर तर असह्यच. पण ज्यासाठी इतक्या जोराने नाही म्हणावं असं त्यात काही निघेना. उलट नको ते आठवायला लागलं. हॉलसमोर पाणी साचलेलं असताना सुमतीआत्यांसाठी हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्च्या पाण्यात ओळीने मांडत होता, आणि आत्या एकेका खुर्चीवर पाय टेकत, त्याच्या खांद्याला धरून, महाराणीसारख्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. तेव्हा मी छत्री उघडून निघून गेले होते. मला तर वाटत होतं की मी काही पाहिलंच नव्हतं.

काकूंचं खरं होतं. माझ्या ‘नाही’त राग बराच होता. पण राग बाजूला केला की खाली ‘हो’ लपलेलं असेल, असंही काही नव्हतं. खाली शांतता होती, आणि त्या शांततेत मला काहीच ऐकू येत नव्हतं. प्रार्थना मात्र मी आता आटोपती घेत नव्हते. रोज गोष्ट देवापुढे ठेवायची, थोडा वेळ बसायचं आणि उठायचं. कधी रडूही यायचं. इतक्या मोठ्या शहरात माझ्या आयुष्याचं काय करायचं हे मी एकटीने ठरवायचं होतं.

डिसेंबरचा दुसरा रविवार आला. मी जायचं की नाही इथपासून विचार करत होते आणि शेवटी गेले. पाऊस सकाळपासून लागला होता, निम्मी मंडळी आलीच नव्हती. हॉलचं छत एका ठिकाणी गळत होतं आणि त्याखाली बादली ठेवली होती. गाणी झाली. भास्करकाकांनी विषय विचारले. विनयने ढोलकी खाली ठेवली आणि उभा राहिला.

“मला एक विषय परत घ्यायचा आहे,” तो म्हणाला.

“परत?” काकांनी डोळे उघडले. प्रार्थना-विषय परत घेतलेला आमच्यापैकी कोणी कधी ऐकला नव्हता.

“मागच्या महिन्यात मी म्हणालो, प्रभूनं माझ्या मनात एक गोष्ट घातली. प्रभूनं घातली असं मला सांगता येणार नाही. ती माझ्या मनात होती. तिच्यावर प्रभूचं नाव मी घातलं. तुम्ही सगळ्यांनी महिनाभर विश्वासानं प्रार्थना केली. मला क्षमा करा.”

बादलीत पाणी ठिबकत होतं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “बस, बाळा,” ते एवढंच म्हणाले. सुमतीआत्यांनी प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच खणखणीत आवाजात आमेन म्हटलं. आणि मी, त्याच्यावर महिनाभर चिडलेली मी, बादलीकडे बघत बसले होते, कारण वर पाहिलं असतं तर डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं असतं. चारचौघांत देवाचं नाव घ्यायला फारसं काही लागत नाही. घेतलेलं नाव चारचौघांतच उचलून बाजूला ठेवायला काय लागतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

उपासना संपल्यावर मी व्हरांड्यात छत्री उघडत होते. तो मागून आला आणि हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

“सिस्टर, तुमची वेगळी माफी मागायची होती.”

“तुम्हाला कळलं कसं? ते प्रभूचं नाही म्हणून?”

त्याने ओल्या फरशीकडे पाहत विचार केला. “मला फार भीती वाटत होती. तुम्ही नाही म्हणाल याची. मग एकदा प्रार्थना करताना वाटलं, ही प्रभूची गोष्ट असती तर तुमच्या नकाराची मला एवढी भीती वाटली नसती. त्यानं ते बघून घेतलं असतं. मीच घाबरलोय म्हणजे गोष्ट माझी आहे. अजूनही आहे. पण आता ती फक्त माझी आहे, तेव्हा तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता.”

महिनाभर घासूनपुसून ठेवलेलं ‘नाही’ माझ्या ओठांवर तयार होतं. म्हणायची मोकळीक मिळाली आणि ते म्हणावंसंच वाटेना. ज्याला ते द्यायचं ठरवलं होतं तो माणूस इथे नव्हताच. हा समोरचा कोणी वेगळाच होता, भिजलेल्या चपला घातलेला, घाबरलेला, आणि पाठीमागे कोणालाही न घेता एकटा उभा असलेला.

“मला थोडा वेळ द्या,” मी म्हटलं.

“हो. हवा तेवढा.”

“आणि आधी ते सिस्टर म्हणणं बंद करा.”

त्यानंतर तमिळांचा मार्गळी महिना लागला. पाऊस उघडला. पहाटे मामी दारासमोर भलंमोठं कोलम काढायच्या आणि मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचायच्या. कुठून तरी भजनाचे सूर यायचे, भिजलेल्या गल्लीत कॉफीचा वास भरायचा. वरच्या बाल्कनीत मी टांगलेला तारा उजाडेपर्यंत जळत असायचा आणि मामी खालून ओरडायच्या, “तारा विझव, उजाडलं!” त्या पहाटे मी देवाला सांगायचे, हे असं असं माझ्या मनात यायला लागलंय. याला तुझं नाव मी लावत नाही. पण तुझ्यापुढे ठेवते, बघ. आकाशातून आवाज आला नाही. एकदाही नाही. पण मनातलं विरघळलंही नाही. दिवसेंदिवस ते नीट आकार घेत गेलं, आणि पुढच्या दुसऱ्या रविवारची मी वाट बघते आहे हे माझं मलाच कळलं. काकूंच्या कानावर घातलं, काकांच्या घातलं. आईला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

“आता तुला सांगितलं का प्रभूनं?”

“अडवलं नाही, आई,” मी म्हटलं. आईने लग्नाला कोणकोण येईल ते मोजायला सुरुवात केली.

सगुणाकाकू आता नाहीत. काका मुलाकडे नगरला गेले. त्या हॉलचं छत दुरुस्त झालं, आत गार हवेचं यंत्र बसलं, पेटीच्या जागी कीबोर्ड आला आणि त्याचा एकही सूर अडकत नाही. मला तो अडकणारा सूर हवा असतो, पण हे सांगायचं कोणाला? अनारसे मी करते. पहिला दरवर्षी हसतो, आणि तो हसला की मला काकूंचा आवाज ऐकू येतो. आमच्या घरात ‘प्रभूनं मनात घातलं’ हे वाक्य आता जपून वापरलं जातं. मुद्दाम ठरवून नाही, आपोआपच. मनावर अविश्वास दाखवायला मी लहानपणीच शिकले होते. पण मन फसवं म्हणून गप्प बसवलं की देवाचं ऐकू येईलच असं नसतं. पुष्कळदा तिथे दुसऱ्या कोणाचा तरी चढा आवाज येऊन बसतो. वत्सलाबाई आज भेटल्या तर त्यांना विचारावंसं वाटतं, की बाई, ते हृदय आपल्या हातून उलटं होतं तसं देवाच्या हातून सुलटंही होत असेल ना?

काल तारा लावताना आमची रिया खालून नेहमीसारख्या सूचना करत होती. तिची बारावी आहे. तिला इंजिनिअरिंग नको, ॲनिमेशन करायचंय. तमिळ, इंग्रजी आणि उरलंसुरलं मराठी अशा तिच्या खास भाषेत ती म्हणाली, “मम्मी, माझा हार्ट सांगतोय. तेवढं इनफ नाही का?”

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे काळं कापड तयार होतं, लालही तयार होतं. पण कुठली बाजू दाखवू ते ठरेना. तिचं आयुष्य, तिची भीती, आणि मी काहीही म्हटलं तरी ते तिला देवाच्या नाहीतर आईच्या शिक्क्यासारखं लागणार.

ती वर बघून म्हणाली, “पप्पा, तुम्हाला कसं कळलं होतं? मम्मीच ते?”

विनय दातांत वायर धरून स्टुलावर उभा होता. गळ्याजवळचं बटण तो अजूनही लावतो. त्याने वायर काढली, बल्ब फिरवला, तारा पेटला.

“कळलं नव्हतं गं,” तो म्हणाला. “विचारलं होतं.”

मी खालून स्टूल धरलेलं. मान वर करून पाहिलं, तर इतक्या वर्षांनंतरही तो जरासा घाबरलेलाच दिसत होता.